बिनतारीवरची संध्याकाळची खरखर

त्या प्रकरणात खून नव्हता, दरोडा नव्हता आणि शेवटी अटक करावी असा माणूसही हाती लागला नाही. नोकरीतली इतर बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत; हे एक मात्र जसेच्या तसे राहिले आहे. यातल्या माणसांची नावे मी देत नाही.

पोलादपूर भागातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब साताऱ्याला ठेवले होते. मी ठाण्यामागच्या क्वार्टरमध्ये एकटा राहत असे. सकाळी हजेरी, मग गुन्ह्यांचे कागद, आठवड्यातून दोनदा महाडला कोर्ट, संध्याकाळी महामार्गावर गस्त. जेवणाचा डबा खानावळीतून येई. तो उघडून बसलो की पलीकडे ठाण्यातल्या बिनतारी संचाचा आवाज ऐकू यायचा. तेवढीच सोबत.

आमच्या हद्दीत एक घाट होता आणि घाटाच्या माथ्याजवळ दोन माणसांची चौकी. तिथे मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे सगळी भिस्त बिनतारी संचावर. चौकीचा संच लहान, त्याचा आवाज थेट ठाण्यापर्यंत पोहोचत नसे. मधल्या डोंगराच्या सोंडेवर एक रिपीटर बसवलेला होता. तो चौकीचा क्षीण आवाज झेलायचा आणि जोर लावून पुढे ठाण्याकडे पाठवायचा.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी घाटात एक टेम्पो कठड्यावर आदळला. चालकाचा पाय केबिनमध्ये अडकला. चौकीने ठाण्याला पुन्हा पुन्हा हाक दिली, उत्तर आले नाही. शेवटी एक शिपाई मोटारसायकल काढून खाली आला. क्रेन वर पोहोचेपर्यंत फार उशीर झाला होता. चालक वाचला, पण त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

त्या वेळी संचासमोर बसलेले हवालदार सत्तावन्न वर्षांचे होते. निवृत्तीला वर्षही उरले नव्हते. बायको वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन पुण्याला. पोलीस लाइनीतल्या खोलीत ते एकटेच राहत. पूर्ण नोकरीत त्यांच्यावर कसुरीचा एकही ठपका नव्हता. त्यांना मी समोर बसवून विचारले.

"साहेब, मी खुर्चीतच होतो. झोपलो नव्हतो."

"मग हाक ऐकू कशी आली नाही?"

"हाक आलीच नाय. नुसती खरखर होती. शिमग्यापासून रोजच होते संध्याकाळी."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं ना. पोरं हसली. म्हणाली, काका, खरखर संचात नाय, तुमच्या कानात हाय."

बिनतारी विभागाचा तंत्रज्ञ आला. ठाण्याचा संच, चौकीचा संच, सोंडेवरचा रिपीटर असे तिन्ही त्याने तपासले आणि तिन्ही निर्दोष असल्याचा अहवाल दिला. तो सकाळी आला होता आणि दुपारच्या गाडीने परत गेला. हवालदारांना महाडच्या रुग्णालयात कान तपासायला पाठवले, तर डावा कान थोडा कमी निघाला. त्या वयात कोणाचा निघत नाही? पण कागदावर तेवढे पुरले. वरिष्ठांनी मला फोनवर सांगितले, "संच निर्दोष आहेत म्हणजे माणूस दोषी आहे. प्राथमिक चौकशी लावा. आणि आपल्या माणसाला पाठीशी घालू नका."

चौकशीत कर्तव्यात कसूर सिद्ध झाली असती तर निवृत्तीच्या तोंडावर शिक्षा ठरलेली होती. हवालदारांना त्याची काळजी होतीच, पण दुसरी गोष्ट त्यांना जास्त खात होती. एके दिवशी ते माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, खरं सांगा. तो माणूस तिकडे अडकून पडला होता, चौकीवाले मला हाक मारत होते, आणि मला ऐकायलाच आलं नाय, असं झालं असंल का?"

मी त्या संध्याकाळी त्यांच्या शेजारी संचासमोर जाऊन बसलो.

ऊन उतरेपर्यंत संच शांत होता. दिवेलागणीला बारीक खरखर सुरू झाली. थोड्या वेळाने ती एका झटक्यात वाढली आणि तिथेच स्थिर राहिली. मग पुन्हा थोडी वाढली. वारा वाढतो तशी ती वाढत नव्हती. कोणीतरी एकेक पायरी चढावे आणि दर पायरीवर दम खावा, तशी वाढत होती. अंधार पडेपर्यंत दुसरे काही ऐकू येईनासे झाले. चौकीला मी ठरावीक वेळी हाक द्यायला सांगून ठेवले होते. ती वेळ आली आणि गेली. माझे दोन्ही कान धड होते. मलाही काही ऐकू आले नाही. जेवणाच्या वेळेनंतर खरखर तशीच पायरीपायरीने उतरली आणि संच पुन्हा शांत झाला.

मी हे लिहून वर कळवले. उत्तर आले की कारण सांगा, अनुभव नकोत. त्यांचेही चुकत नव्हते. कारणाशिवाय अहवाल म्हणजे माझे मत, दुसरे काय?

त्याच सुमारास खबर लागली. महामार्गावर गॅरेज चालवणारा एक जण आम्हाला अधूनमधून माहिती देई. तो म्हणाला, "साहेब, बिरवाडीत खोली घेऊन राहतो एक जण. कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो. खोलीभर तारा नि खोकी. संध्याकाळचा गाडीवर मागं पेटी बांधून तुमच्या सोंडेकडं जाताना दिसायचा."

त्या दिवसांत खैराच्या चोरट्या लाकडाचे ट्रक घाटातून उतरत होते. पोलिसांचा बिनतारी बंद पाडणारा जॅमर आणि त्याआड निघणारा ट्रक, हे चित्र डोक्यात चटकन बसले. इतके चटकन बसले की मला त्याचीच शंका यायला हवी होती.

त्याला ठाण्यात आणले. परभणीकडचा, पस्तिशीचा, बायकोमुले गावी ठेवून आलेला. पेटी टेबलावर ठेवली आणि उघडायला लावली. आत एक जुना रेडिओ, वायरचे वेटोळे आणि बिस्किटांचा पुडा.

"जॅमर कुठे आहे?" मी विचारले.

"कशाचा जॅमर, साहेब?"

"संध्याकाळी सोंडेवर काय करायचास?"

"रेडिओ ऐकायचो. खोलीवर कारखान्याच्या मोटारींचा लई आवाज धरतो. वर स्वच्छ लागायचा. परभणी केंद्र लागलं की..." त्याने रेडिओवरची धूळ बोटाने पुसली. "आपल्याकडची बोली ऐकायला बरं वाटतं."

"मोबाइलवर लागत नाही का?"

"लागतं की. पण मोबाइलवर जगातलं सगळंच लागतं. हे शोधून सापडावं लागतं."

"आता का जात नाहीस?"

तेव्हा तो हसला. ठाण्यात खुर्चीवर बसून हसणारा संशयित मी तोवर फार पाहिला नव्हता. "साहेब, मी कोणाचं काय जाम करणार? माझंच जाम झालंय की! शिमग्यापासून दिवेलागण झाली की वर नुसती खरखर. म्हणून जाणं सोडलं."

त्याच्या जबाबातल्या दोन गोष्टींनी मला थांबवले. खरखर संध्याकाळीच होते, आणि शिमग्यापासून होते. हवालदारांनीही शिमग्यापासूनच सांगितले होते. मी विचारले, "पायरीपायरीने वाढते का?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "तुम्हाला कसं ठाऊक?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सोंडेकडे निघालो. मी, तो रेडिओवाला आणि खालच्या वाडीतले दोन पंच. चौकीला सांगून ठेवले होते की दिवेलागणीपासून दर मिनिटाला हाक देत राहा, आणि हवालदारांना सांगितले होते की संचासमोरून उठू नका.

सोंडेवर, रिपीटरच्या थोडी खाली, चौदा घरांची एक वाडी आहे. गाडी खालीच लावून दगडी पायऱ्यांची पाखाडी चढावी लागते. वाडी नीटनेटकी होती. अंगणे झाडलेली, तुळशीला पाणी घातलेले. पण चौदापैकी तेरा दारांना कुलुपे. सगळी माणसे मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला वाडी भरते, एरवी नाही. हे पंचांनी सांगितले.

सूर्य डोंगराआड गेला. रेडिओ शांत होता. मग एका घरात दिवा लागला आणि रेडिओ खरखरला. रेडिओवाल्याने रेडिओ हातात धरून सावकाश फिरवला. एका बाजूला खरखर वाढे, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीशी होई. त्याने त्या घराकडे बोट दाखवले. तेवढ्यात दुसऱ्या घरात दिवा लागला आणि खरखर एक पायरी वर गेली.

तिसऱ्या घराच्या पायरीवर एक म्हातारी बाई कुलूप उघडताना भेटली. सत्तरीच्या पुढची, अंगाने वाळलेली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आमच्याकडे पाहून ती घाबरली नाही.

"कोण रे? पोलिस? इथं चोरी नाय झाली बाबा. चोरायला ठेवलंय काय हितं?"

"चोरीसाठी नाही आलो, आजी. तुम्ही काय करताय?"

"काय करताय म्हंजी? दिवा लावतेय. तिन्हीसांज झाली दिसत नाय तुला?"

"तुमचं घर आहे हे?"

"माझं ते टोकाचं. हे दिराचं. ते पलीकडलं चुलत सासऱ्यांचं. माणसं नसली म्हणून देव अंधारात ठेवायचे काय?"

पंचांनी खुलासा केला. मुंबईला जाताना प्रत्येक घराने किल्ली हिच्याकडे दिलेली. दिवेलागणीला ही प्रत्येक घरात जाते, देवापुढे दिवा लावते, आणि झोपायच्या आधी फिरून सगळे दिवे विझवते. पूर्वी तेलाचा दिवा असे. एका घरात उंदराने पेटती वात ओढून नेली आणि चौरंगावरचे कापड जळाले. घर थोडक्यात वाचले. तेव्हा मुंबईकरांनी मिळून ठरवले आणि यंदा शिमग्याला येताना एका बाजारातून चौदा विजेच्या समया आणल्या. बटण दाबले की ज्योत हलल्यासारखी दिसते. आजीला खाली वाकायचे कष्ट नकोत आणि आगीची भीती नको.

चौदाव्या दिव्यापर्यंत आम्ही तिच्या मागून फिरलो. ती प्रत्येक घरात शिरून आवाज देई, "आले गो," आणि बटण दाबी. शेवटी रेडिओ कानाला लाववेना. माझ्या हातातल्या वॉकीटॉकीवर फक्त खरखर होती. चौकी दर मिनिटाला हाक देत होती, पण त्यातले अक्षरही खाली जात नव्हते.

मी म्हणालो, "आजी, आता हे दिवे एकेक करून बंद करा."

"आत्ता? खुळा झालास काय रे! आत्ता तर लावले. लावल्या दिव्याला लगेच हात लावायचा?"

"एका माणसाची नोकरी यावर आहे."

"माझ्या दिव्यावर?"

मी तिला हवालदारांची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतले. "ऐकू येत नाय म्हणून काढतायत त्याला?" तिने विचारले. "मग चल. देवाला सांगते मी कायतरी."

पहिले घर बंद झाले, दुसरे झाले. फरक पडला तो रेडिओवर, वॉकीटॉकी तशीच. सात घरे झाली तरी काही नाही. मलाच वाटू लागले की आपण एका म्हातारीची तिन्हीसांज उगाच मोडली. नवव्या घराचा दिवा विझला आणि खरखरीच्या तळाशी एक बारीक आवाज हलला. अकराव्या घराला तो माणसाचा आवाज झाला. "...ठाणे, ठाणे, चौकी बोलतेय..." आणि त्यावर लगेच, मोठ्याने, आमचे हवालदार.

"चौकी, ऐकतोय! ऐकतोय तुमचं! बोला, बोलत राहा!"

नियमाप्रमाणे एवढे बोलायची गरज नव्हती. रेडिओवाल्याने तोंड दुसरीकडे फिरवले. म्हातारी म्हणाली, "ह्योच काय तो बहिरा?"

पंचनामा केला आणि चौदाही समया मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतल्या. तंत्रज्ञ पुन्हा आला, या वेळी माझ्या आग्रहाने संध्याकाळी. त्याने समईला जोडलेली लहान काळी वीजपेटी फोडून दाखवली. अशा पेटीत वीज फार वेगाने चालूबंद करून कमी दाबाची केली जाते आणि त्यातून गोंगाट तयार होतो. तो बाहेर पडू नये म्हणून एक गुंडाळी आणि एक-दोन भाग बसवायचे असतात. आतल्या सर्किटच्या पट्टीवर त्या भागांच्या जागा छापलेल्या होत्या. भाग बसवलेलेच नव्हते. मग घराच्या वायरिंगचाच एरियल होतो. एका समईने फार बिघडले नसते. चौदा समया, आणि डोक्यावर रिपीटर. तो चौकीचा क्षीण आवाज टिपायला कान लावून बसलेला, आणि त्याच्या कानाशी हा गलका.

खोक्यावर मात्र चिन्हांची रांग होती. युरोपात विकायच्या मालावर असते ते सीई, अमेरिकेचे एफसीसी, कचऱ्याच्या डब्यावर फुली असलेले एक. आपल्याकडे अशा मालाला नोंदणी लागते आणि नोंदणी क्रमांकासह मानक चिन्ह लागते, तेवढेच नव्हते. सीई हे बनवणारा स्वतःच छापतो, असा गोंगाट रोखण्यासह सगळे नियम पाळल्याचे स्वतःच्या जबाबदारीवर सांगतो. इथे बनवणाऱ्याचे नाव नव्हते, पत्ता नव्हता. मग जबाबदारी कोणाची? संबंधित कार्यालयाला आम्ही रीतसर कळवले. विकणारा रस्त्यावर बसणारा होता. मुंबईत तो त्या जागी पुन्हा सापडला नाही.

हवालदारांची चौकशी बंद झाली. शेऱ्यात लिहिले गेले की संदेश ठाण्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. तो कागद त्यांनी दोनदा वाचला आणि मला विचारले, "साहेब, त्या टेम्पोवाल्याला कोणी सांगेल काय हे?" मी पत्र पाठवले. उत्तर आले नाही.

मुद्देमाल जप्त केला तरी वाडी अंधारात ठेवणे मला पटेना. महाडच्या बाजारातून आम्ही जुन्या पद्धतीचे झिरोचे बल्ब आणले. त्यात नुसती तार तापते, गोंगाट करणारे काही नसते. ते बसवायला रेडिओवाला सुट्टी काढून आला. आजीने त्याला चहा दिला आणि विचारले, "तुझी बायको कुठं असते रे?" तो पुढे दर आठवड्याला सोंडेवर जाऊ लागला. रेडिओ तिच्या ओटीवर बसून ऐकत असे.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कोणी विचारते. पोलीस आधी हेतू शोधतो. कोणी केले, कशासाठी केले. इथे नुकसान खरे होते, एका माणसाचा पाय गेला होता, आणि हेतू शोधत गेलो तर सापडली ती माया: म्हातारीला वाकायला लागू नये, घराला आग लागू नये. वस्तूवरचे सीईसारखे इवलेसे चिन्ह शेजाऱ्यासाठी असते. माझ्या घरातली ही वस्तू तुमच्या घरात त्रास देणार नाही, एवढेच ते सांगते. विकत घेणाऱ्याला त्याचा फायदा दिसत नाही, म्हणून तो ते पाहत नाही. मी आता चार्जरसुद्धा उलटा करून पाहिल्याशिवाय घेत नाही, घरचे हसतात. आणि दुसरे म्हणजे, घटना ज्या वेळी घडली त्या वेळी तिथे जाऊन बसावे. सकाळच्या तपासणीत संध्याकाळ सापडत नाही.

पण गोष्ट इथे संपली नाही.

पावसाळ्यात एकदा मी संचाच्या खोलीत डोकावलो. संच शांत होता. हवालदार म्हणाले, "साहेब, इतके महिने मी त्या बाईची फेरीच ऐकत होतो की. एक घर, दुसरं घर. आता ती फिरली का नाय, काय कळत नाय."

घाटातल्या चौकीवरून ती वाडी समोर दिसते. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळची हाक झाली की हवालदार शेवटी विचारू लागले, "समोर?" आणि चौकी उत्तर देई, "चौदा." नियमात हे बसत नव्हते. मी हरकत घेतली नाही.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी चौकीचे उत्तर आले, "पाच लागलेत. सहावा लागत नाय." हवालदारांनी पुन्हा मोजायला लावले. तरी पाचच. ते धावत माझ्याकडे आले. आम्ही जीप काढली आणि रुग्णवाहिका पाखाडीखाली बोलावून ठेवली. आजी पाचव्या आणि सहाव्या घराच्या मधे पाखाडीवर पडली होती. खुबा मोडला होता, शुद्ध होती. "पुढची घरं राहिली रे," एवढेच म्हणाली. राहिलेले दिवे लावायला एक शिपाई मागे ठेवला, तेव्हा तिने स्ट्रेचरवर उचलू दिले.

ती वाचली. पुतण्या येऊन तिला डोंबिवलीला घेऊन गेला. चाळीसएक माणसांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, असे कळले. किल्ल्यांचा जुडगा तिने सोबत नेला.

डिसेंबरअखेर हवालदार निवृत्त झाले. सेवापुस्तक स्वच्छ. निरोपाचा नारळ, हार सगळे दुपारी झाले होते, तरी संध्याकाळी ते शेवटची पाळी करायला संचासमोर बसले. चौकीशी रोजचे बोलणे झाले. मी दारात उभा होतो. त्यांनी बटण दाबले आणि विचारले, "समोर?"

"अंधार हाय, काका," चौकी म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

"ऐकलं," हवालदार म्हणाले, आणि पुढच्या माणसासाठी खुर्ची रिकामी केली.